अमानतीचा वस्तरा

हर्सूलच्या सांडू न्हाव्याकडं दाढी पाच मिनिटांची आणि वाट बघणं पंधरा मिनिटांचं, अशी गावात थट्टा होती. एक गिऱ्हाईक उठलं की दुसऱ्याला बसवण्याआधी सांडू वस्तऱ्याची सेवा करायचा. आधी कोरड्या फडक्यानं पातं पुसायचा, मग काडीला चिंधी गुंडाळून मुठीच्या फटीत दडलेला पाण्याचा थेंब टिपायचा. संध्याकाळी टपरी बंद झाली की पात्याला बोटाच्या टोकावर येईल एवढं खोबरेल लावायचा, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळायचा आणि घरी चुलीच्या वरच्या खुंटीला टांगायचा. हत्यारं न्यायची चामड्याची धोकटी होती, पण तिच्यात तो रात्रीचा वस्तरा कधी ठेवत नसे. "चामडं ओल पितं आन् लोखंडाला पाजतं," असं त्याचं म्हणणं. तळं हाकेच्या अंतरावर, हवा कायम दमट. तिथं लोखंड सांभाळणं म्हणजे तापट सासऱ्याला सांभाळण्यासारखं होतं, आणि सांडूनं ते सोळा वर्षं सांभाळलं.

सांभाळणं भागच होतं. त्याच्या तीन वस्तऱ्यांपैकी दोन त्याचे स्वतःचे. तिसरा, शिंगाच्या मुठीचा, जर्मन पोलादाचा, दाऊद उस्तादांचा होता. या उस्तादांच्या हाताखालीच सांडू हजामत शिकला. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत कोण कुणाच्या दारावर कधी येईल याचा भरवसा राहिला नव्हता, तेव्हा सांडूच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, उस्तादांना चार दिवस गाईच्या भुशाच्या खोलीत दडवलं होतं. पुढच्या वर्षी उस्ताद लेकीकडं हैदराबादला गेले. जाताना त्यांनी वस्तरा ठेव म्हणून सांडूच्या हातात दिला आणि म्हणाले, "ये अमानत है. मैं आयेगा, तो इसीसे मेरी दाढी करना. एक ठिपका दिखा तो तेरा-मेरा हिसाब खतम." हसत म्हणाले, पण सांडूनं ते देवाच्या शपथेसारखं धरलं.

आणि एवढा जपणारा माणूस पासष्ट सालच्या श्रावणात चुकला. श्रावणात अर्धं गाव दाढी वाढवतं, न्हाव्याला काम नसतं. तशात लेकीला मुलगा झाल्याचा निरोप आला. आज्याला कुठला धीर! हातातलं काम टाकून, तिन्ही वस्तरे ओलेच धोकटीत कोंबून, धोकटी खुंटीला अडकवून तो फुलंब्रीच्या मोटारीत बसला. नातवाच्या कौतुकात बारा दिवस गेले. बाहेर झड लागलेली होती. वस्तऱ्यांची आठवण त्याला परतीच्या मोटारीत झाली, आणि तिथून हर्सूलपर्यंत त्याला बसवेना.

घरी कुणी नव्हतं. द्वारकाबाई खुरपायला गेली होती. सांडूनं धोकटी उघडली. त्याच्या दोन्ही वस्तऱ्यांवर तांबडे ठिपके फुटले होते. तिसरा वस्तरा धोकटीत नव्हताच.

त्यानं धोकटी उलटी केली, झटकली, चुलीमागं पाहिलं, माळ्यावर पाहिलं. वस्तरा गडबडीत टपरीच्या वाटेवर पडला की कुणी नेला, काहीच कळेना. गंजला असता तर राखेनं घासून, पाया पडून माफी तरी मागता आली असती. हरवलेल्या अमानतीची माफी कशी मागायची? पन्नाशीचा बाप्या उंबऱ्यात बसून डोळे पुसायला लागला.

तेवढ्यात दारात टांगा थांबला. पांढरी शुभ्र दाढी, हातात काठी, दाऊद उस्ताद उतरले.

"खत मिला ना?" उस्तादांनी विचारलं.

"कसलं खत?" सांडू डोळे पुसत उठला.

उस्तादांनी अंगणातल्या बाजेवर बैठक मारली आणि हनुवटी वर केली. "वो छोड़. वस्तरा निकाल. सोला साल का हिसाब है."

सांडूनं पाणी तापवलं. ते निवलं, पुन्हा तापवलं. साबणाचा फेस इतका केला की उस्तादांचं नाकही दिसेना. गळ्याभोवती टॉवेल तीनदा बांधला आणि तीनदा सोडला. "अबे, दाढी करता की लगीन लावता?" उस्ताद फेसातून म्हणाले. आता खरं सांगायचंच, असं ठरवून सांडूनं तोंड उघडलं, तोच द्वारकाबाई खुरपं घेऊन आत आली. पाहुण्याला पाहून तिनं पदर सारखा केला, घरात गेली आणि जुन्या तुपाचं गाडगं घेऊन आली. छातीला चोळायला दहा वर्षांपासून ठेवलेलं ते तूप. त्याच्या वासानं मांजरही त्या कोपऱ्यात जात नसे. तिनं गाडग्यात कोपरापर्यंत हात घातला आणि शिंगाच्या मुठीचा वस्तरा बाहेर काढला.

सांडूनं तो गरम पाण्यात धुतला, पुसला, उन्हात धरला. पात्यावर एक ठिपका नव्हता. त्याच्या जिवात जीव आला.

"हा तुपात कसा गेला?" त्यानं विचारलं.

"तुमी गेले अन् दुसऱ्या दिशी उस्तादांचं कार्ड आलं," द्वारकाबाई म्हणाली. "शेजारच्या कमरुन्निसानं उर्दू वाचून दाखवलं. वस्तरे को जंग से बचाके रखना, मैं आ रहा हूँ. रेडिओवर बी लढाईचंच चाललं होतं. म्हनलं, जंग होनार म्हंजी घराघरात झडती होनार. मंग पुसला कोरडा, तुमी पुसता तसा, अन् घातला गाडग्यात. त्या वासात कोन हात घालतंय?"

उर्दूत लढाईचा जंग वेगळा आणि लोखंडाचा जंग वेगळा, पण मराठी कानाला दोन्ही एकच. उस्तादांना हे कळायला एक क्षण लागला. मग ते असे हसले की फेस सांडूच्या सदऱ्यावर उडाला आणि त्याला वस्तरा हातभर लांब धरावा लागला.

"बेटी, जंग म्हणजे गंज गं. गंज," ते म्हणाले.

"मला काय ठावं?" द्वारकाबाई ओशाळली. "मागच्या टायमाला जंग म्हनले, तवा तुमाला दडवावं लागलं होतं."

उस्तादांचं हसू थांबलं. टॉवेलच्या टोकानं त्यांनी डोळे टिपले. ते साबणानं चुरचुरत होते असं म्हणायला जागा होती, पण तसं ते म्हणाले नाहीत.

"सांडू," ते म्हणाले, "तुझी बायको न्याय करत नाय बघ. मला भुशात ठेवलं अन् वस्तऱ्याला तुपात."

मग त्यांनी पुन्हा हनुवटी वर केली, आणि सांडूनं तुपाचा वास मारणारा तो वस्तरा त्यांच्या गालाला लावला.