दुखण्याचं पेव

दुसऱ्याच्या दुखण्यावर पोट भरणारी माणसं जगात पुष्कळ सापडतील. पण दुसऱ्याच्या तब्येतीवर जीव टाकून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. गावात कुणाचं पोट बिघडणार आहे हे आमच्या मामंजींना त्या पोटाच्या आधी कळत असे. संध्याकाळी ओसरीवर बसले की लांबून येणाऱ्या खोकल्यावरून ते माणूस ओळखत. नुसतं ओळखून थांबत नसत, खोकला कालच्यापेक्षा सुटलाय की दाटलाय हेही सांगत. रामराम घालणाऱ्याला रामराम परत मिळायचा, पण त्याआधी जीभ दाखवावी लागायची. पाहुण्यारावळ्यांचीही त्यातून सुटका नव्हती. एकदा मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याला त्यांनी भर चावडीत आ करायला लावला, आणि त्यानं मुकाट्यानं केलाही. आ वासायची त्या मंडळींना सवय असते म्हणा, पण दुसऱ्याच्या हुकमावरून वासलेला मी तेवढाच पाहिला.

माझं माहेर हिंगोली शहरातलं. सासर सेनगावच्या अंगाला, एस.टी.तून उतरून बरंच चालावं लागे असं. तेव्हा हा सगळा मुलूख परभणी जिल्ह्यात मोडायचा. मला पाहायला मंडळी आली तेव्हा स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, ह्या प्रश्नांची मी जय्यत तयारी केली होती. मामंजींनी पहिला प्रश्न केला, "देवीची लस टोचली हाय का?" मी दंडावरचा वण दाखवला. "पाणी गाळून पेता का तसंच?" गाळून, म्हटलं. "घरात शेवटचं कोण आजारी पडलं, अन् काहून?" इथं माझ्या वडिलांचा संयम सुटला. ते म्हणाले, "अहो, सोयरीक करायला आलात का तपासणीला?" मामंजी हसले, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरगी पसंत हाय." माझं नाव त्यांनी विचारलंच नव्हतं. ते त्यांना साखरपुड्यात कळलं.

ह्या चौकशांमागचं कारण मला लग्नानंतर समजलं. गावच्या चावडीमागं एक पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं ज्वारीचं कोठार, वर तोंड एवढंसं आणि आत पोट मोठं. तशी पेवं घरोघरी होती, पण हे साऱ्या गावाचं होतं आणि त्यातली ज्वारी फक्त आजाऱ्यासाठी होती. लोक त्याला दुखण्याचं पेवच म्हणत. मामंजींच्या तरुणपणी गावातल्या एकानं बायकोच्या अवघड बाळंतपणात बैलजोडी विकली. बायको वाचली, पण पेरणी गेली. मामंजींनी गाव गोळा केला आणि म्हणाले, "दुखणं त्याचं, अन् बैल बी त्याचेच गेले, हे काय बराबर न्हाई. आज त्याची पाळी, उद्या कुणाची येईल कुणाला ठावं? समद्यांनी मिळून घेऊ की अंगावर." तेव्हापासून सुगीत रास पडली की प्रत्येक खळ्यावरून एक टोपलं ह्या पेवात यायचं. मोठ्या खळ्याचं टोपलं मोठं, लहानाचं लहान. ज्याला खळंच नाही त्यानं पेव लिंपायचं, आतून कडबा लावायचा. तेही टोपल्याच्या बरोबरीनं धरलं जाई. मग वर्षभरात ज्याच्या घरचं माणूस अंथरुणाला खिळेल त्याचं औषध, त्याचा हिंगोलीच्या दवाखान्यापर्यंतचा प्रवास, मागं राहिलेल्यांची भाकरी, सगळं त्यातून निघायचं. आता शिकलेले लोक ह्याला आरोग्य विमा म्हणतात आणि कोट घालून समजावून सांगतात. मामंजी धोतरावर समजावत, आणि लोकांना पटत असे.

पण पेव सांभाळायचं म्हणजे ते रिकामं होऊ द्यायचं नाही, आणि ते रिकामं होऊ द्यायचं नाही म्हणजे गावाला आजारीच पडू द्यायचं नाही, इथवर मामंजींचं डोकं गेलं आणि गावाची शांतता संपली. अनवाणी गोठ्यात शिरणाऱ्याला ते तीन घरांवरून ओरडायचे, "ए, खिळा घुसंल! पेव काय तुझ्या सासऱ्याचं हाय?" जत्रेतली उघडी मिठाई खाणाऱ्याच्या हातातून ती काढून घेत. एखाद्या लेकराचं नाक वाहताना दिसलं की आधी नाक पुसत आणि मग त्याच्या आईला गाठत. मी घरात कधी नुसती शिंकले तरी ओसरीवरून आवाज यायचा, "सूनबाई, काय झालं?" नव्या नवरीला शिंकायची चोरी झाली होती.

त्यांची खरी करामत डॉक्टरांच्या बाबतीत होती. सेनगावहून एक डॉक्टर सायकलवर यायचे. पूर्वी ते माणसागणिक, सुईगणिक पैसे घेत, आणि गावालाही सुई टोचल्याशिवाय बरं वाटल्यासारखं वाटत नसे. मामंजी त्यांना म्हणाले, "डागदरसाहेब, आमी पडलो तर तुमचं घर चालतं, आमी धडधाकट असलो की तुमची तकलीफ. हे उलटं करून टाकू. सुगीला एकदाच पोतं घ्या. मग वर्षभर कुणी आजारी पडो न पडो." डॉक्टर आधी हसले, मग घरी जाऊन विचार करून आले आणि कबूल झाले. त्यानंतर जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पूर्वी गावात शिरल्याबरोबर "कोण आजारी आहे?" विचारणारा हा माणूस आता वेशीपासूनच पोरांना हात धुवायला लावत यायचा. सुया कमी झाल्या. साध्या पडशाला डॉक्टर आता गरम पाणी सांगू लागले, आणि लोक म्हणू लागले की डॉक्टरांचा हातगुण गेला.

सगळ्यात नाराज होता कोंडिबा. हा मामंजींचा लहानपणचा सोबती, पैलवानी अंगाचा. त्याचं गाऱ्हाणं असं की तो दरसाल टोपलं घालतो आणि त्याला मेलं काहीच होत नाही. एक दिवस तो तणतणत ओसरीवर आला. "इतके साल घालून राहिलो, साधी शिंक न्हाई आली. माझी जवारी वाया गेली का न्हाई?" मामंजी गंभीरपणे म्हणाले, "व्हय, अन्याव झाला खरा. ये, आज वसूल करू." त्यांनी कोंडिबाला ओसरीवरच्या बाजेवर झोपवलं, अंगावर घोंगडी घातली आणि मला आतून काडेचिराइताचा कडूजहर काढा आणायला सांगितला. दुपारी पातळ पेज, पुन्हा काढा, बोलायला मनाई. दिवेलागणीच्या आत कोंडिबा घोंगडी टाकून पळाला. "काय रे, हक्क सोडून चालला?" असं मामंजी मागून ओरडत होते. मी आत तोंडाला पदर लावून बसले होते.

इतकं असूनही एक दुखणं मामंजींना हार जात नव्हतं, ते म्हणजे नारू. आता हा शब्द फारसा कुणी उच्चारत नाही. दोऱ्यासारखा लांब किडा. भर उन्हाळ्यात पायाला फोड येऊन त्यातून तोंड काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, आणि मधेच तुटला तर पाय सडायची भीती. नेमका मृगाच्या तोंडावर, पेरणीच्या दिवसांत, गावातले कर्ते गडी बाजेवर पाय उंच करून पडलेले असत. त्यांच्या घरी ज्वारी पोचवता पोचवता पेवाचा तळ दिसू लागे. डॉक्टरांनी सांगितलं की हा किडा पाण्यातून येतो. गावाला एक जुनी बारव होती. लोक पायऱ्या उतरून थेट पाण्यात उभे राहून घागर बुडवायचे. नारूचा पाय पाण्यात बुडला की किड्याची पिल्लं पाण्यात, पाणी माणसाच्या पोटात, आणि वर्षभरानं किडा पुन्हा पायात. हे ऐकून मामंजी बारवेच्या काठावर जाऊन बसले ते चार दिवस तिथंच. जेवण मी तिकडंच नेऊन देत होते. कोण कुठल्या पायानं पाण्यात उतरतो, एवढंच ते बघत होते.

मग त्यांनी गाव बोलावला आणि सांगितलं की पेवातली ज्वारी काढून गवंड्यांना द्यायची, बारवेच्या पायऱ्या भिंत घालून बंद करायच्या आणि वर रहाट बसवायचा. चावडीत एकच गिल्ला झाला. आजाऱ्याच्या तोंडची ज्वारी दगडाला? कुणी म्हणालं, बारवेतल्या आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवी, कोपतील. मामंजी म्हणाले, "आसरांनाच विचारून आलो. तुमच्या पायांच्या वासानं त्याबी बेजार हायेत." मग खरा अडसर बाहेर आला. बौद्धवाड्यातल्या माणसांनीच आजवर पेव लिंपलं होतं, पण बारवेत त्यांना उतरू देत नसत, त्यांच्या घागरीत पाणी वरून वाढलं जाई. आता रहाटाला हात कुणाचा लागणार? दोन रहाट बसवा, असा तोडगा निघाला. मामंजी उठून उभे राहिले. "जवारी एकाच पेवातली हाय. रहाट बी एकच बसंल. ज्याला न्हाई पटत त्यानं आपलं टोपलं उचलून न्यावं." टोपलं उचलायला कुणी उठलं नाही, पण कित्येक घरांनी आमच्याशी बोलणं सोडलं. त्या बैठकीतून उठताना मामंजी म्हणाले होते, "भिंत घातल्यावर बी नारू थांबला न्हाई, तर हे पेव बुजवून टाका. म्या पुन्यांदा तोंड उघडणार न्हाई."

भिंत झाली. पेव रिकामं झालं. आणि पुढच्या उन्हाळ्यात नारू निघाला, पहिल्याइतकाच. आदल्या वर्षी पोटात गेलेला किडा वर्षभरानं बाहेर येणारच होता. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं, पण पाय ठणकत असलेल्या माणसाला हे कोण समजावणार? आणि कमाल म्हणजे त्या साली मामंजींच्या स्वतःच्या घोट्यापाशी नारू निघाला. साऱ्या गावाच्या जिभा तपासणारा माणूस काडीला किडा गुंडाळत बाजेवर पडला. लोक मुद्दाम बघायला यायचे. मामंजी घोटा पुढं करून सांगायचे, "ह्यो मागल्या सालचा पाव्हणा हाय. यंदा आत कुणाला घेतलं न्हाई. एक साल थांबा."

त्या सुगीत पेवात जेमतेम तळ झाकेल एवढीच ज्वारी आली होती. नियमाप्रमाणे त्यातलं टोपलं आमच्या घरीही यायचं होतं. आमच्या ह्यांना लाज वाटली. ते म्हणाले, "बाबा, आपलं खळं मोठं हाय. आपण नको घ्यायला." मामंजी एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "म्या न्हाई घेतलं तर गाव काय म्हनंल? हे गरिबाला वाढलेलं दान हाय म्हनंल. मग उद्या गरीब बी लाजंल. दान न्हाई हे, हक्क हाय." आणि ते काठी टेकत, लंगडत, भर दुपारी सगळ्यांच्या देखत आपलं टोपलं घेऊन आले. त्यांच्यावर हसणारे तेव्हा वाटेच्या दोन्ही बाजूंना उभे होते. मी दारातून पाहत होते. ह्या माणसाच्या घरात आपण राहतो, ह्याचंच मला नवल वाटू लागलं.

त्यानंतरचं वर्ष आमच्या घरानं कसं काढलं ते आम्हालाच माहीत. पुढचा उन्हाळा सुरू झाला तसे मामंजी माणसांच्या तोंडाकडं बघेनासे झाले. त्यांची नजर फक्त पायांवर असायची. चैत्र गेला. वैशाखात एक दिवस कोंडिबाच्या पायाला फोड आल्याची बातमी आली. मामंजी हातातला घास टाकून उठले आणि मीही लाजलज्जा सोडून त्यांच्यामागं गेले. त्यांनी कोंडिबाचा पाय मांडीवर घेतला, बराच वेळ निरखला, मग विचारलं, "वहाणा नव्या घेतल्या का रे?" कोंडिबानं मान डोलवली. वहाण चावली होती. मामंजी त्याचा पाय तसाच मांडीवर धरून बसले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मृग लागला. त्या पेरणीला गावात एकही गडी बाजेवर नव्हता. मला वाटलं, आता लोक येतील, मामंजींचा सत्कार करतील, निदान चुकलं म्हणतील. कुणी आलं नाही. सगळे पेरत होते. पेरण्या उरकल्यावर कोंडिबा आला, ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "नारू तर आलाच न्हाई. मग उगीच भिंतीला एवढी जवारी काहून घातली?" मी भांडायला पुढं झाले, पण मामंजी पोट धरधरून हसत सुटले. हसता हसता म्हणाले, "व्हय की रे, चुकलंच."

पुढं पेव भरत गेलं, रहाटाचा अबोलाही हळूहळू निवला. माझी थोरली लेक चुरूचुरू बोलू लागली तोवर मामंजी थकले होते. एका दुपारी ती त्यांच्याजवळ खेळत होती. कुणीतरी म्हातारी जुन्या गोष्टी काढून बसली होती, त्यात नारूचं नाव आलं. लेकीनं विचारलं, "आजोबा, नारू म्हणजे काय?"

मामंजी तिच्याकडं बघतच राहिले. "काय म्हनली? पुन्यांदा विचार बरं." तिनं पुन्हा विचारलं. "आजून एकदा." तिला वाटलं हा खेळच आहे, तिनं ओरडून विचारलं. मामंजींनी डोळे मिटून घेतले, जणू कुणी गात होतं. मी म्हटलं, "मामंजी, सांगा की तिला." गावातला प्रत्येक खोकला ध्यानात ठेवणारे मामंजी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "काय की बाई. इसरलो म्या." आणि घोट्यावरचा वण तिला दिसू नये म्हणून त्यांनी धोतराचा सोगा हळूच खाली ओढून घेतला.