एक्केचाळिसावं पान

मी नेमकं काय काम करते हे कोणाला समजावून सांगायची वेळ आली की मी दाराचं उदाहरण देते. पाहुणा दारात येतो, काहीतरी मागतो. दारातलं माणूस आत जातं, मागितलेली वस्तू स्वयंपाकघरातून आणतं आणि पाहुण्याच्या हातात देतं. आत कोण राबतंय, चूल कुठे आहे, हे पाहुण्याला कळायची गरज नसते. वेबसाइटच्या पुढे असा एक सर्व्हर उभा करतात, त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. पाहुणा जुनं नाव विचारत आला तर त्याला नव्या जागेकडे वळवायचे नियम लिहावे लागतात, ते यूआरएल रीरायटिंग. मला दोन्ही चांगलं येतं. पुण्याची एक कंपनी मला जबलपूरला घरी बसून हेच करायचा पगार देते. तेव्हा जे घडलं ते मला येत नव्हतं म्हणून घडलं, असं म्हणायची सोय नाही.

बाबा निवृत्त झाले आणि घरात आईच्या पायात पायात येऊ लागले, तेव्हा त्यांनी आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट करायला घेतली. पुस्तक समोर ठेवून एकेक ओळ हाताने लिहायचे. मी तेव्हा कॉलेजात होते आणि त्यांना हसायचे. सणांच्या सूचना, वधूवरांची यादी, हळदीकुंकवाचे फोटो, सगळं त्या साइटवर होतं. पण त्यांचा जीव एकाच भागात होता. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन, आपलं घराणं विदर्भातून इथे कसं आलं, हे ते त्यांच्या तोंडून फोनवर रेकॉर्ड करायचे आणि प्रत्येकाचं एक पान करायचे. पानांना नावं नव्हती, फक्त नंबर. अशी एक्केचाळीस पानं झाली आणि मग काचबिंदूने त्यांची नजर गेली. पूर्ण नाही, पण पडद्यावरचं वाचता येईना इतकी.

साइट माझ्याकडे आली. ती जुन्या, रखडत चालणाऱ्या सर्व्हरवर होती. मी नवीन करायला घेतली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "जुना पत्ता मोडायचा नाही, बेटा. घर बदललं तर आपण पोस्टमनला सांगून ठेवतो न? तसं कर."

"हो बाबा, करून राहिली मी," मी म्हटलं. मला तेव्हा रागच आला होता. रोज दुसऱ्यांच्या साइटी हलवणाऱ्या बाईला हे सांगायचं म्हणजे काय.

गणपतीत नवीन साइट सुरू झाली. पुढे नवा सर्व्हर, मागे बाबांचा जुना. बाबांच्या पानांपैकी कुठलंही कोणी मागितलं की नव्या सर्व्हरने ते गुपचूप जुन्याकडून आणून द्यायचं, असा नियम मी लिहिला. सगळी पानं सवडीने नव्या घरात हलवणार होते. एक्केचाळीसही उघडून पाहिली, चालत होती. तिथवर माझं काम चोख होतं.

दोन दिवसांनी मंडळाच्या सचिवांचा फोन आला. कोणीतरी कधीकाळच्या भोजनाच्या सूचनेची जुनी लिंक दाबली होती आणि 'पान सापडलं नाही' असं आलं होतं. आरतीची वेळ, घरात पाहुणे, ताटं मांडायची होती. मी उभ्याउभ्या लॅपटॉप उघडला आणि नियमांच्या यादीत सगळ्यात वर एक ओळ टाकली. जुन्या धाटणीचा कुठलाही पत्ता आला तर तात्पुरतं साइटच्या होमपेजवर पाठवा. सचिवांना सांगितलं, झालं. तेही म्हणाले, "वाह दीदी, एक मिनट में हो गया."

हे नियम वरून खाली वाचले जातात. पहिला लागू पडला की खालचे कोणी बघत नाही. ही गोष्ट मी नव्याने कामावर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगते. बाबांच्या पानांचा नियम माझ्या त्या ओळीच्या खाली होता. त्या संध्याकाळपासून तो एकदाही वाचला गेला नाही. मी पुन्हा तपासलं नाही. आणि तात्पुरतं ते तसंच राहिलं.

फाल्गुनात जुन्या, भाड्याच्या सर्व्हरची मुदत संपत होती. त्याच्याकडे किती विचारणा येतात याची नोंद मी उघडली. सहा महिन्यांत एकही नाही. खरं सांगते, मला बाबांचं वाईट वाटलं. एवढ्या उन्हातान्हात फिरून माणसं बोलती केली आणि ऐकायला कोणी नाही. मुदत मी वाढवली नाही. बाबांच्या पेनड्राइव्हवर सगळी रेकॉर्डिंग आहेत, असं मी धरून चालले होते. बाबांना मी काहीच सांगितलं नाही. नाही तरी त्यांना दिसत नव्हतं, असा विचार मनात आला होता. तो आता आठवला की लाज वाटते.

मे महिन्यात साइटवरचे फोटो उशिरा उघडतात म्हणून मी पुढच्या, नव्या सर्व्हरची नोंद वाचत होते. वाचता वाचता एकच पत्ता पुन्हा पुन्हा दिसायला लागला. एक्केचाळीस. सकाळी सव्वासहा. दुसऱ्या दिवशी सव्वासहा. कधी सहा वीस. मी मागे मागे गेले. एप्रिल, मार्च, फेब्रुवारी, थेट गणपतीपर्यंत. आठ महिने रोज कोणीतरी ते पान मागत होतं आणि माझी ओळ त्याला रोज होमपेजवर सोडून येत होती. ती ओळ कायमची म्हणून लिहिली असती तर समोरच्या फोनने नवा पत्ता लक्षात ठेवला असता आणि पुन्हा विचारलंच नसतं. तात्पुरती होती म्हणून फोन रोज नव्याने विचारत राहिला.

बाबा गॅलरीत बसले होते. मी विचारलं, "बाबा, एक्केचाळीस नंबर कोणाचा?"

त्यांना आठवावं लागलं नाही. "घमापुरचे काका. बडा फुहाऱ्याच्या बाजारात कपड्याच्या दुकानात होते ते. शेवटचं रेकॉर्डिंग. मग चार महिन्यांनी गेलेच ते. काहून?"

मी सगळं सांगितलं. ओळ, नोंद, बंद केलेला सर्व्हर, सगळं. बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "पेनड्राइव्हवर छत्तीसपर्यंतच आहे. पुढचे पाच मी फोनमधून सरळ चढवले. दिसत नव्हतं मला. तो फोनही गेला."

जुना सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीला मी तीन वेळा लिहिलं. मुदत संपल्यावर महिन्याभरात पुसून टाकतो, असं उत्तर आलं, आणि ते बरोबरच होतं. पाचांपैकी तिघं हयात होते, त्यांना मी पुन्हा बोलतं केलं. एकाची प्रत अमरावतीला त्यांच्या मुलाकडे सापडली. काकांची कुठेच नव्हती. बंगलोरच्या त्यांच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "मी आईच्या फोनवर फक्त त्या पानाचं बटण लावून दिलं होतं, दीदी. उतरवून नाही घेतलं. वो तो वेबसाइट पर था न।"

मी बाबांना म्हटलं, माझ्याबरोबर चला. ते म्हणाले, "तू जा. चूक तुझी आहे, तर तूच सांगायचं."

काकू घमापुरला वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. उन्हं तापली होती, पंखा घरघरत होता. कॉटच्या उशाशी काकांचा फोटो, हार नसलेला. त्यांनी पाणी दिलं, बाबांच्या डोळ्यांचं विचारलं. मी पाणी हातात धरूनच सांगून टाकलं.

त्यांना सर्व्हर वगैरे कळलं नसेल, पण चूक कोणाची हे कळलं. "अच्छा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, वर्ष झालं म्हणून काढलं असन. श्रावणात वर्षश्राद्ध झालं, आणि गणपतीत ते गायब. फोटोचा हार काढतो न आपण, तसंच मंडळाचं काही असन."

"विचारलं काहून नाही काकू?"

"कोणाला विचारू? म्हणतील, बुढी अजून तिथेच अटकून राहिली."

"पण रोज सकाळी तुम्ही..."

"चहा घेतला की लावून पाहत होते. लागलं तर लागलं." मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आता कुठेच नाही?"

मी म्हटलं, कुठेच नाही.

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "अकरा मिनिटांचं होतं. मला पाठ आहे. घेतेस का लिहून?"

मी फोन रेकॉर्डिंगला लावून मध्ये ठेवला. काकू काकांच्या शब्दांत सांगायला लागल्या, जराही न अडखळता. "आमचे आजोबा काटोलहून संत्र्याच्या पेट्या घेऊन आले. रस्त्यात पुरानं रूळ वाहून गेले, तर चार दिवस गाडी तशीच उभी. इथं उतरले तर अर्धी संत्री सडलेली. आता सडकी संत्री घेऊन कोणत्या तोंडानं परत जायचं? म्हणून राहिले." मध्येच त्या म्हणाल्या, "इथं खोकतात." पुढे एकदा, "इथं खाली कोणाची तरी स्कूटर वाजते." आणि पुन्हा गोष्ट सुरू. दुकानातला पहिला दिवस. कापड मोजायचा गज धरायला शिकवणारे शेठ. लग्न.

"मग मला म्हणतात," काकू म्हणाल्या, "अगं, पंखा बंद कर जरा, आवाज येऊन राहिला त्याच्यात."

असं म्हणून त्या उठल्या, भिंतीशी गेल्या आणि पंखा बंद केला. मेच्या दुपारी. बटणावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. तेव्हा मला कळलं की पान लागत होतं तोवर रोज सकाळी त्या अकरा मिनिटांत त्या काय ऐकत होत्या. संत्र्यांची गोष्ट त्यांना आयुष्यभर माहीत होती.

परत येऊन बसल्यावर त्यांनी उरलेलं पूर्ण केलं. निघताना मी विचारलं, हे त्यांच्या पानावर लावू का? म्हणाल्या, "लाव. लोकांना कळू दे कसे आले ते."

त्याच संध्याकाळी मी माझी ती ओळ काढली आणि एक्केचाळीसचा नियम सगळ्यात वर ठेवला. जुन्याच पत्त्यावर काकूंचा आवाज लावला. वर लिहिलं की काकांचं रेकॉर्डिंग माझ्या चुकीने गेलं. तीन तीन फोनवरून उघडून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंद उघडून बसले. सव्वासहा झाले, सहा वीस झाले, सात झाले. विचारणा आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आता तो पत्ता अगदी बरोबर पानावर जातो, आणि आठ महिने रोज तो विचारणाऱ्या काकूंनी विचारणं बंद केलं आहे.