ताईकडे जाताना गोठलेलं दार

नेवार्क विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं आणि पहिलाच श्वास नाकात अडकला. आमच्या सांगलीत हिवाळा म्हणजे ट्रंकेतला स्वेटर काढावा की नाही, याचा विचार करण्यातच संपून जातो. इथे डोळ्यांतलं पाणीसुद्धा बोचत होतं. "आई, तोंड झाक आधी," अमोलने, माझ्या मुलाने, स्वतःचा मफलर माझ्या गळ्यात कोंबला. २००४ सालचा तो जानेवारी. मी अमेरिका बघायला आले नव्हते. सुमनताईला भेटायला आले होते.

ताई माझी थोरली बहीण. लग्न करून अमेरिकेला गेली ती तिथलीच झाली. आता फिलाडेल्फियाजवळ राहत होती. तिच्या डोक्यात गाठ निघाली होती, तीही नेमकी बोलण्याच्या केंद्राला खेटून. ऑपरेशननंतर जीव वाचेल, पण वाचा राहीलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. ते कळल्यावर तिने मला फोन केला. "कुंदे, त्याआधी ये. समोरासमोर बसून पोटभर बोलू या." ऑपरेशनला अजून चार दिवस होते, म्हणून एक दिवस अमोलकडे आयसेलिनला थांबून मग जायचं ठरलं.

तो एक दिवस मजेत गेला, हे कबूल करायला हवं. ओक ट्री रोडवर फिरले तेव्हा आपण विमानात बसलो होतो की नाही अशी शंका यावी! साड्यांची दुकानं, सोन्याची दुकानं, जिलबीचा वास. एका उपाहारगृहात मसाला डोसा खाल्ला. चटणी सांगलीइतकी तिखट नव्हती, पण डोसा मात्र हातभर लांब. तिथूनच नारळ, हळदकुंकू आणि झेंडूची फुलं घेतली, कारण अमोलने नुकतीच जुनी गाडी विकत घेतली होती आणि पूजेसाठी माझी वाट पाहत ती तशीच ठेवली होती.

दुपारी छान ऊन पडलं होतं. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गाडी पांढरीफटक झालेली. न धुता पूजा कशी करायची? अमोलने न्हाणीघरातून कोमट पाण्याच्या बादल्या आणल्या आणि सगळी दारं, त्यांच्या फटी, कुलपांची भोकं घासून लख्ख धुतली. मी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, निरांजन ओवाळलं. एवढी चकचकीत गाडी त्या पार्किंग लॉटमध्ये (गाड्या लावायच्या आवारात) दुसरी नव्हती. मला भारी कौतुक वाटलं. गोऱ्या लोकांच्या गाड्या किती घाणेरड्या, असंही मी बोलून घेतलं.

रात्री जेवायला बसलो तेवढ्यात ताईच्या मुलीचा, मायाचा फोन आला. तिचा जन्म इथलाच, त्यामुळे मराठी तुटक.

"मावशी, दे मूव्ह्ड इट. ऑपरेशन उद्याच आहे. सकाळी आठला आईला आत नेणार. कॅन यू कम?"

"आत्ता निघते," मी म्हटलं. पण रात्री तिथे कुणाला भेटू देत नव्हते. पहाटे निघायचं ठरलं. दीड तासाचा रस्ता. भरपूर वेळ होता.

पहाटे खाली उतरलो तर गाडीवर काचेसारखा थर चढलेला. अमोलने किल्ली लावली. ती अर्धीच आत गेली. दुसऱ्या बाजूलाही तेच. दार ओढलं तर ते गाडीला शिवून टाकल्यासारखं घट्ट. काल आम्ही हौसेने आत सोडलेलं पाणी रात्रभरात जागच्या जागी गोठलं होतं.

"थांब, गरम पाणी ओततो," म्हणून अमोल धावला. वाफाळतं पातेलं त्याने दारावर रिकामं केलं. क्षणभर बर्फ वितळला, मलाही हायसं वाटलं. मग तेच पाणी ओघळून दाराच्या रबरात उतरलं आणि आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा गोठलं. आता दार आधीपेक्षा पक्कं बसलं होतं. टॅक्सीवाल्याला फोन केला, तर तो तासभर येणार नव्हता.

माझा तोल गेला. "इंजिनीअर म्हणवतोस! तुला एवढंही कळू नये?"

"आई, प्लीज! माझाही हा पहिलाच विंटर आहे यार!" तोही ओरडला आणि किल्ली जोरात पिरगाळू लागला.

"नो, नो! मोडेल ती!" असं काहीसं इंग्रजीत ओरडत खालच्या मजल्यावरची बाई आली. तीही कामाला निघाली होती, पण तिला उलट्या दिशेला जायचं होतं. किल्ली आधी गरम करा, तिने सांगितलं. लायटर आहे का? आमच्याकडे कुठला लायटर! मी वर धावत जाऊन देवापुढचं निरांजन आणि काडेपेटी घेऊन आले. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून शालीच्या आडोशाला मी निरांजन धरलं आणि अमोल त्यावर किल्ली तापवू लागला. किल्ली तापवायची, भोकात सारायची, थोडी हलवायची, पुन्हा तापवायची. माझी बोटं बधिर झाली होती. मनात एकच चाललं होतं, ताईला आता उठवलं असेल, तिचे केस काढत असतील.

शेवटी कट्‌ आवाज झाला. अमोल दार ओढायला लागला तर बाई म्हणाली, "डोन्ट पुल, हनी. पुश!" तिघांनी दारावर खांदे टेकून ते आत रेटलं. बर्फ कडकडला आणि दार एकदम सुटलं. मी त्या बाईला मिठीच मारली. तिचं नाव विचारायचं राहिलं, याची अजून चुटपुट लागते.

पण संकट संपलं नव्हतं. माझ्या बाजूचं दार उघडलंच नाही, म्हणून अमोलच्या बाजूने शिरून, गिअरच्या दांड्यावरून कशीबशी पलीकडे गेले. आणि उघडलेलं दार आता लागेना! कुलपाच्या आतला खटका बर्फाने आखडला होता. आपटावं तर दार तसंच परत यायचं.

"आता?" अमोल रडकुंडीला आला होता.

मी गळ्यातली ओढणी काढली. एक टोक त्याच्या दाराच्या आतल्या मुठीला बांधलं, दुसरं त्याच्या मांडीवरून माझ्याकडे घेऊन मनगटाला गुंडाळलं. "चल. मी धरते."

"आई, हे सेफ नाहीये."

"चल म्हटलं ना!"

टर्नपाइकवर (टोलच्या महामार्गावर) लागलो. फटीतून वारा शीळ घालत आत घुसत होता. शेजारून मोठा ट्रक गेला की दार बाहेर खेचलं जायचं आणि ओढणी मनगटात रुतायची. अमोल सगळ्यात उजव्या, तिथल्या संथ गाड्यांच्या पट्ट्यातून हळू चालवत होता आणि मला ते हळू जाणं असह्य होत होतं. बाहेर काय होतं, विचारू नका. बर्फाचे ढीग असतील, झाडं असतील. मी फक्त घड्याळ आणि दार बघत होते. भीती वाटत होती. दार उघडून मुलगा बाहेर फेकला गेला तर? आणि थांबलो तर ताई भेटायच्या आधीच आत जाणार. मी कसला सौदा करत होते, माझं मलाच कळत नव्हतं. हीटरची ऊब बऱ्याच वेळाने दारापर्यंत पोचली. अमोलने दार पुन्हा ओढलं, तेव्हा खटका बसला. तरीही हॉस्पिटल येईपर्यंत मी ओढणी सोडली नाही.

माया लिफ्टपाशीच उभी होती. "रन, मावशी!"

ताईला चाकांच्या पलंगावर कॉरिडॉरमधून नेत होते. मायाने नर्सला विनवलं. दोन मिनिटं, नर्स म्हणाली. ताईच्या डोक्यावर हिरवी टोपी होती आणि चेहरा आमच्या आईसारखा दिसत होता. विमानात वीस तास जुळवलेलं सगळं मी विसरले. "ताई, अगं, ते दार..." एवढंच तोंडातून निघालं.

"तू गप्प बस," ताई म्हणाली आणि तिने माझा हात धरला. "तुला काय, जन्मभर बोलायचंय. आत्ता मला बोलू दे."

आणि ती बोलली. मोठं काहीच नाही. मनगटाला काय झालं गं, म्हणाली. हॉस्पिटलच्या चहाला नावं ठेवली. मायाला वरणफळं शिकव, मला जमलं नाही, म्हणाली. तू लहानपणी रडायचीस तेव्हा मला फार राग यायचा, असंही म्हणाली आणि हसली. दारं बंद झाली तेव्हा तिचं वाक्य अर्धवट होतं.

मी दोन महिने राहिले आणि परत आले. अमेरिकेत काय पाहिलंस, असं शेजारणी विचारतात, तेव्हा मी ओक ट्री रोडचं वर्णन करते. ताई हिंडते-फिरते. बोलणं मात्र जवळजवळ गेलं. दर रविवारी फोन करते तेव्हा आता मीच बोलते, पोटभर. पलीकडून ती "हो" म्हणते, "नाही" म्हणते आणि अधूनमधून, बराच प्रयत्न करून, "कुंदे". तिच्याकडे मोजकेच शब्द उरलेत. त्यांत माझं नाव आहे.