अबू शाहेर दोन्हीकडून बोलला

जॉर्डनमधल्या करक गावात आमच्या गल्लीत राजाचं पदक मिळालेला माणूस एकच, अताल्लाह. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे त्याला अबू शाहेर म्हणायचे. तो सरकारी रस्त्यांवर बुलडोझर चालवायचा. एका हिवाळ्यात किल्ल्याखालच्या वळणावर माणसांनी भरलेली बस बर्फात अडकली. यानं दिवसभर खपून वाट काढली आणि सगळ्यांना सुखरूप आणलं. पुढच्या वर्षी अम्मानहून बोलावणं आलं आणि इस्तिकलाल, म्हणजे स्वातंत्र्याचं पदक, त्याच्या छातीवर लागलं. दर्जा पाचवा. त्याच्या खाली दर्जाच नाही, हे मी न्हावी असल्यामुळे दाढी करताना त्याला ऐकवायचो. तेव्हा त्याला हलता येत नसे.

"अरे, पाचवा म्हणजे पाया," तो साबणातून म्हणायचा. "पाया नसेल तर वरचे चार उभे राहतील कशावर?"

पदकाचा इतिहास त्याला तोंडपाठ. मक्केच्या शरीफांनी तुर्कांविरुद्ध बंड पुकारलं, नंतर हे पदक काढलं, आणि मग ते आमच्या राज्यात आलं. एवढंच सांगून तो थांबला असता तर बरं होतं. पण त्या बंडात त्याचे आजोबाही होते. सुरुवातीला त्याच्या गोष्टीत ते बंडवाल्यांच्या उंटांना पाणी पाजत होते. दोन-तीन वर्षं सांगून झाल्यावर ते स्वतः उंटावर चढले. नंतर तर सगळ्या फौजेला वाट दाखवायला लागले.

"पुढच्या ईदला मक्का यांच्या आजोबांनीच वसवली असं होणार," त्याची बायको उम शाहेर म्हणायची.

आमच्याकडे मुलीला मागणी घालायला गावातली वजनदार माणसं घेऊन जातात. यजमान कॉफी पुढे ठेवतो, पण होकार मिळेपर्यंत ती कोणी तोंडाला लावत नाही. पदकामुळे अबू शाहेर अशा प्रत्येक बैठकीत पुढच्या खुर्चीवर. तो इतिहास सांगे, कॉफी थंडगार होई, आणि मुलीचा बाप कंटाळून हो म्हणे. म्हणून मुलाकडच्यांना तो फार आवडायचा.

एकदा हम्माद नावाचा टायरवाला त्याला म्हणाला, "शुक्रवारी दुपारी अस्रच्या नमाजानंतर मुलासाठी मागणी घालायची आहे. पदक लावून या." अबू शाहेर हो म्हणाला. त्याच संध्याकाळी ऑलिव्हचं तेल विकणारा फव्वाज आला. "शुक्रवारी आमच्या रवांदला बघायला मंडळी येताहेत. आमच्या बाजूनं उत्तर तुम्हीच द्या." अबू शाहेर त्यालाही हो म्हणाला. नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही.

"अहो, ते दोघं व्याही व्हायला निघालेत!" उम शाहेरनं कपाळावर हात मारला. "मागणारे तुम्ही आणि देणारेही तुम्हीच?"

"मग आता?"

"आता काय! आजोबांना पाठवा एकीकडे." मग तिनं आवाज उतरवला. "आणि ऐका. रवांद रडत होती माझ्यापाशी. मुलगा पसंत आहे तिला, पण सासूच्या स्वयंपाकघरात नांदायचं नाही. वरच्या मजल्यावर वेगळं बिऱ्हाड हवंय. बापापुढे बोलायची सोय नाही."

शुक्रवारी आम्ही फव्वाजच्या दिवाणखान्यात शिरलो. फव्वाजनं अबू शाहेरचा उजवा हात धरला, हम्मादनं डावा. दोघं ओढायला लागले. कोटाची शिवण उसवली, पदक खांद्याकडे सरकलं.

"सोडा!" अबू शाहेर ओरडला. "दोघांचंही बोलतो!"

तो हम्मादच्या बाजूला बसला, घसा खाकरला आणि इतिहासासकट मागणी घातली. मग उठला, खोली ओलांडली आणि फव्वाजशेजारी जाऊन बसला.

"अबू शाहेर, तुमचं बोलणं ऐकलं," तो रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला. "लांबलं, पण घराणं चांगलं दिसतं. आता आमच्या मुलीचं बघा. ती राहणार कुठे?"

फव्वाज पुटपुटला, "हे मी कुठे विचारायला सांगितलं?"

अबू शाहेर परत पलीकडे. "वरचा मजला तिचाच! चूल वेगळी, जिना वेगळा!"

हम्माद ताडकन उठला. "कोणाचा मजला? तिथे माझे टायर आहेत!"

"टायर खाली येतील," अबू शाहेर शांतपणे म्हणाला. "सगळ्या गावासमोर तुमच्या वतीनं शब्द गेलाय. मागे घेऊ?"

हम्मादनं आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे छताकडे पाहत होतो. आतल्या खोलीतून बायकांचं हसू ऐकू आलं, आणि त्यात उम शाहेरचं सगळ्यात मोठं. हम्माद परत खाली बसला.

अबू शाहेर पुन्हा फव्वाजशेजारी गेला. "मुलगी दिली! प्या कॉफी!" मग धावतच आपल्या खुर्चीवर येऊन त्यानं ती बर्फगार कॉफी एका घोटात संपवली. त्याला दम लागला होता.

लग्न थाटात झालं. मन्सफच्या, म्हणजे दह्यात शिजवलेल्या मटण-भाताच्या, परातीभोवती हम्माद अबू शाहेरशेजारी तोंड फिरवून उभा होता, पण मांसाचा पहिला तुकडा त्यानं न बघताच त्याच्यापुढे सरकवला. रवांद वरच्या मजल्यावर राहायला गेली. टायर अंगणात आले.

त्यानंतर मात्र अबू शाहेरला बोलावणी येईनाशी झाली. मुलांचे बाप त्याला बघून रस्ता बदलू लागले. शुक्रवारी तो घरीच बसायचा. मग हळूहळू मुलींच्या आया यायला लागल्या, मागच्या दारानं, उम शाहेरकडे. कोणाच्या मुलीला वेगळी चूल हवी असायची, कोणाच्या मुलीला नोकरी सोडायची नसायची. ती सगळं ऐकून घ्यायची आणि आतून हाक मारायची, "अहो, कपाटातून कोट काढा. यावेळी मुलीकडून."