डाव्या हाताचा नेम

ती घटना आजही आठवते, आणि डोक्याच्या आधी ती माझ्या उजव्या कोपराला आठवते. थंडी पडली, तुरीला शेंगा धरल्या, की कोपर ठणकायला लागतं आणि मी मनाने नेरजवळच्या त्या तुरीच्या वावरात जाऊन पोहोचते. नोकरीत याहून मोठे गुन्हे हाताळले, पण जीव अडकलाय तो या साध्या केसमध्ये.

त्या वर्षी पोळ्याच्या बंदोबस्तात डफड्याला बुजलेल्या एका बैलाने मला तोरणाच्या खांबावर आपटलं आणि कोपराचं हाड मोडलं. आमचे हवालदार गंभीर चेहऱ्याने विचारायला आले, "मॅडम, गुन्हा दाखल कराचा काय? मालक म्हनते, आरोपी हजर कराले तयार हाय." पुढे प्लास्टर निघालं, तरी हात गळ्यातल्या झोळीतच होता. हलकं काम द्यावं, असा डॉक्टरांचा दाखला होता. पण नागपूरचं अधिवेशन आलं, ठाणेदारांसह अर्धं ठाणं बंदोबस्ताला गेलं आणि चार्ज माझ्याकडे आला. हलकं काम राहिलं दाखल्यावर.

पिस्तुलाची स्लाईड ओढायला दुसरा हात लागतो. म्हणून मी पिस्तूल जमा करून रिव्हॉल्व्हर घेतलं, ते एका हाताने चालतं. होल्स्टर मात्र उजव्या कमरेसाठी शिवलेलं. डावीकडे लावलं की मूठ उलटी येई आणि बसले की बरगडीत रुते. सरावाला गेले, तर डाव्या हाताने मारलेल्या माझ्या गोळ्या शेजारच्या शिपायाच्या टार्गेटवर सापडल्या. त्याचे गुण वाढले म्हणून त्याने मला चहा पाजला.

अशातच जवळच्या एका गावात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण पेटलं. एका तरुणाने चुलतभावावर देशी कट्ट्यातून गोळी झाडली आणि पळून गेला. गोळी खांद्याला लागली होती, चुलतभाऊ यवतमाळच्या दवाखान्यात होता आणि वाचणार होता. आम्ही जीवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला आणि नातेवाइकांकडे पथकं पाठवली. सगळी हात हलवत परत आली.

मग आमच्या खबऱ्याचा फोन आला. "मॅडम, त्याची माय एकटी रायते. तंबाखूले शिवत नाई. मंग दुकानातून सिगारेटचं पाकीट कोनासाठी नेऊन राह्यली?"

म्हणजे पोरगा जवळपासच होता. त्याच्या जिवलग मित्राला ठाण्यात बोलावलं. खुर्चीवर बसता बसताच तो म्हणाला, "आईची शपथ, मले काही माहीत नाई." विचारण्याआधी शपथ घेणारा माणूस सहसा काहीतरी लपवत असतो. पण लपवतोय एवढं कळून भागत नाही. बऱ्याच चौकशीनंतर त्याच्या तोंडून एकच कामाची गोष्ट निघाली. "त्याले वाटते भाऊ मेला. कट्टा त्याच्यापाशीच हाय. म्हने, जित्तेपनी हाती लागनार नाई."

आता एकतर तो आमच्या माणसावर गोळी झाडणार, नाहीतर आम्ही त्याच्यावर. मी त्याच्या आईकडे गेले.

ती ओसरीत तूर पाखडत होती. माझ्या प्रश्नांना सुपाकडे बघूनच उत्तरं देत होती. "मले नाई माहीत," "सांगून थोडीच गेला," "तुमीच शोधा." सोबतची महिला शिपाई शेजाऱ्यांचे जबाब घ्यायला गेली, तेव्हा आम्ही दोघीच उरलो. माझा अंबाडा रोज सकाळी शेजारीण बांधून देई आणि दुपारपर्यंत तो मानेवर उतरे. म्हातारीने सूप खाली ठेवलं.

"बाई, बुचडा सुटला तुमचा. बसा अशा पाठमोऱ्या."

आरोपीच्या आईकडे पाठ करून बसू नये, हे प्रशिक्षणात कोणी शिकवत नाही, पण कुठल्याही पोलिसाला कळतं. मी बसले. तिची बोटं केसांत फिरली आणि मला उगाच भरून आलं.

"हाताले काय झालं?"

"बैलाने आपटलं."

"मुकं जनावर. त्याच्या मनात नसन." तिने एक आकडा खोचला. "मंग बंदूक कोन्या हातानं चालवता?"

"डाव्या."

"नेम कसा हाय?"

आपलं उणं आरोपीच्या घरी सांगू नये. पण जिच्या हातात आपले केस आहेत तिला थाप मारवत नाही. मी म्हटलं, "खराब आहे, आई. पायावर धरला तर कुठे लागेल, सांगता येत नाही."

बोटं थांबली. "अन् चालवा लागन?"

"त्याने कुणावर कट्टा रोखला, तर चालवावी लागेल."

तिने शेवटचा आकडा घट्ट खोचला. "जावयाच्या वावरात हाय. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. मीच येतो संग, मी हाक देतो त्याले."

आम्ही तुरीतून वावर वेढलं. मी सांगितल्याशिवाय कोणी पुढे सरकायचं नाही, असा हुकूम होता. म्हातारीने धुऱ्यावरूनच हाक मारायची, असं ठरलं होतं. ती अर्थातच थेट खोलीपुढे जाऊन उभी राहिली.

"बाहीर ये रे! भाऊ जिता हाय तुया! दवाखान्यात जेवून राह्यला!"

तो बाहेर आला. दाढी वाढलेली, हातात कट्टा. "खोटं बोलून राह्यली तू! आये, मांगं हो!"

तेवढ्यात हवालदारांच्या पायाखाली वाळकी काडी मोडली. तो गर्रकन वळला, कट्टा त्यांच्या छातीवर. मी त्याच्या नडगीवर नेम धरून घोडा दाबला. गोळी त्याच्यापासून चांगली दूर, फवारणीच्या पाण्याच्या निळ्या ड्रमला लागली. धाडकन आवाज झाला, पाण्याची चिळकांडी उडाली, तो दचकला, कट्टा हातातून निसटला आणि तो मटकन खाली बसला. म्हातारीने कट्ट्यावर पाय ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, खरंच की वो, लय खराब हाय तुमचा नेम!"

एवढं बोलली आणि पोराला कवटाळून ढसाढसा रडली. मी ड्रमला पडलेलं भोक बघायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

कट्टा जप्त झाला, पंचनामा झाला, आणि वरून माझ्याकडे खुलासा मागवला गेला: पायावर नेम धरला असता गोळी ड्रमला कशी लागली? मी लिहिलं, 'डाव्या हाताने.' त्यावर पुन्हा विचारणा आली नाही.

खटला चालला तेव्हा कोर्टाच्या व्हरांड्यात मी तिला विचारलं, पोलिसावर भरवसा कसा ठेवलात? ती म्हणाली, "तुमी खोटं बोलल्या असत्या, तं मी बी खोटंच बोलली असती." दरारा, आवाज, खाकी यांच्या जोरावर माणसं बोलती करायला मी शिकले होते. ही बाई माझ्या अधूपणावर बोलती झाली. त्यानंतर कुणालाही प्रश्न विचारताना मी आधी स्वतःला विचारत आले, की याने उलट विचारलं तर आपण खरं सांगू का.

निवृत्तीनंतर एकदा नेरच्या बस स्टँडवर तिने मला ओळखलं. शिक्षा भोगून आलेला मुलगा तिच्या पिशव्या घेऊन उभा होता, मला बघून त्याने मान खाली घातली. तिने माझा उजवा हात धरून कोपर चाचपलं.

"बरा झाला का, बाई?"

"झाला."

"अन् नेम?"

"आता चांगला आहे."

तिने एकवार मुलाकडे बघितलं. "बरं झालं माय," ती म्हणाली, "तवा नव्हता."