मुळं तोडलेल्या अळंब्या

परवा दौंडच्या बाजारात अळंबीचा ओला, मातकट वास आला आणि मी टोपलीपुढून बाजूला झालो.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात सासरवाडीला, मांडवगणला, मी माळावरून अकरा अळंब्या आणल्या होत्या. तरवड फुलला होता. पाच पिवळ्या पाकळ्यांवरून तो लांबूनही ओळखू येतो. अळंबीची ओळख मात्र मातीत असते. वारुळावरची, खाण्याजोगी असेल तर तिचं मूळ खोलवर जातं. मी अळंब्या वरूनच तोडल्या होत्या, मुळं मातीतच राहिली.

"मुळं कुठं हायेत, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

"तोडली, मामी. सगळ्या वारुळावरच्याच हायेत," मी ठासून सांगितलं. खरं तर त्यातल्या चार कुठून तोडल्या, हे मला आठवत नव्हतं.

"तुमी म्हंताय तर आसतील," त्या हसल्या. "पर पयलं मी खानार. तवर कुनी ताटाला हात लावायचा न्हाई."

खाल्ल्यावर दोन तासांत त्यांना उलट्या सुरू झाल्या. तीन दिवस त्या दवाखान्यात होत्या. "निवडताना माझंच चुकलं," असं त्यांनी गावभर सांगितलं.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. आता वाटतं, तो नव्हताच. जावयाला खोटं पाडण्यापेक्षा त्यांना स्वतः खाऊन बघणं सोपं वाटलं, आणि मी समोर बसून त्यांना खाऊ दिलं.