हात की टेबल

आमच्या घरात काही फुटलं, सांडलं किंवा बिघडलं की सामंतकाका आधी माणसाला गप्प करायचे. एकदा त्यांच्यादेखत आईच्या हातून काचेचा जग निसटला. "माझंच लक्ष नव्हतं," असं ती म्हणायला लागली, तर काकांनी हात वर करून तिला थांबवलं. "वहिनी, कबुली नंतर. आधी वस्तू बघू." मग ओट्याशी उकिडवे बसून त्यांनी जगाचा तुटका कान उचलला, उजेडात धरला आणि निकाल दिला की कान आधीपासूनच तडकलेला होता. "तुमची काही चूक नाही. चहा टाका." इतक्या थाटात निर्दोष सुटण्याचा आनंद आईला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला असावा. आमच्याकडे आधी गुन्हेगार ठरायचा, चौकशी सवडीने व्हायची.

काका विमा कंपनीत अपघातातल्या गाड्यांचे सर्व्हेयर होते. सगळी नोकरी मरोळ आणि घाटकोपरच्या गॅरेजांत, चेपलेल्या गाड्यांखाली डोकं घालण्यात गेली. निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगी लग्न होऊन बोरिवलीला गेली, तरी ती नजर काही सुटली नाही. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ते वरच्या मजल्यावर राहायचे. गोड बोलणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. माझ्या लग्नात स्टेजवर येऊन, हातात हात घेऊन, "सूट तुझा नाही ना? खांद्यात दिसतंय," असं म्हणाले होते. सूट मावसभावाचा होता. सोसायटीतले लोक त्यांना जरा टरकूनच असत. माझ्या वडिलांशी, म्हणजे दादांशी, मात्र त्यांचं घट्ट जमायचं. दोघेही मालवणकडचे, आणि दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय दोघांनाही जेवण गोड लागायचं नाही.

पूल टेबल ही माझी हौस. घाटकोपरचं एक गेम पार्लर बंद होत होतं, तिथलं लहानातलं लहान टेबल मी उचलून आणलं आणि आमचा हॉल संपला. आई बरेच दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. मग तिने त्यावर प्लाय टाकून पापड वाळत घातले आणि टेबल घरात रुजलं. मला त्यावर खेळता कधीच आलं नाही. मी मारलेला बॉल कुठे जाईल हे मलाही कळत नसे.

गेल्या वर्षी दादांना अर्धांगाचा झटका आला. वाचा सावरली, पाय सावरला, उजवा हात तेवढा मागे राहिला. हाताला व्यायाम म्हणून दाबायला दिलेला रबरी चेंडू ते खिडकीत ठेवून द्यायचे आणि डाव्या हातात चमचा धरून मान खाली घालून जेवायचे. एका संध्याकाळी काका आले, चेंडूकडे बघितलं आणि कोपऱ्यातला क्यू, म्हणजे खेळायची काठी, उचलून दादांच्या उजव्या हातात दिला. "ह्यो दांडो धर. चेंडू दाबून कोणाचा भला झाला?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघांचा डाव सुरू झाला. डाव कसला, उलटतपासणीच ती. दादांचा नेम चुकला की काका कारण सांगायचे. "मनगट वळलं." "घाई केलीस." "बघत भलतीकडेच होतास." बॉल नीट गेला तर "बरा." ह्याच्या वरची पदवी त्यांच्याकडे नव्हती. मला कधी कधी राग यायचा. आजारी माणसाशी जरा गोड बोलायला काय जातं? पण दादा त्या एका "बरा"साठी दुपारपासून तयार होऊन बसायचे. श्रावण येईपर्यंत ते बॉल टेबलाच्या कडेला आपटून अचूक भोकात घालायला लागले होते, आणि जेवायलाही उजव्या हातानेच. पहिल्यांदा त्यांनी भात कालवून घास तोंडापर्यंत नेला तेव्हा आई उगाचच स्वयंपाकघरात निघून गेली होती.

मग गणपती आले. आमचा गणपती दीड दिवसाचा. दरवर्षी मूर्ती जिथे बसायची तिथे आता टेबल होतं, तेव्हा त्याच्यावरच मखर मांडायचं ठरलं. टेबलाच्या कडांना रबर लावलेल्या लाकडी पट्ट्या असतात, बॉल त्यांच्यावर आपटून परत फिरतो. पार्लरवाला त्यांना रेल म्हणायचा. रेलसकट टेबल इतकं रुंद होतं की आरतीला उभं राहायला जागा उरेना. म्हणून मी आणि माझ्या चुलतभावांनी खालचे बोल्ट खोलून सगळ्या रेल काढल्या, वर चादर आणि प्लाय टाकला, आणि बाप्पा झकास बसले. विसर्जन करून आलो तेव्हा पानं वाढलेली होती. आईच्या हाका ऐकत ऐकतच आम्ही रेल परत आवळल्या आणि जेवायला पळालो.

दुसऱ्या दिवसापासून दादांचा बॉल फिरायला लागला. कडेला आपटायचा आणि भलत्याच वाटेने परत यायचा. काका तेव्हा मुलीकडे बोरिवलीला होते. दादा एकटेच मारत राहिले, मग थांबले. क्यू भिंतीला टेकवून म्हणाले, "हात चालला." दुसरा झटका येतोय असं त्यांच्या मनाने घेतलं. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं, पण दादांचा विश्वास बसेना. त्यांनी व्यायाम सोडला, चमचा पुन्हा डाव्या हातात गेला. हात न वापरल्यामुळे खरोखरच आखडायला लागला. आम्ही सगळे "तुम्ही बरे आहात" म्हणत होतो आणि जितकं जास्त म्हणत होतो तितके ते खचत होते.

काका परतले त्याच सकाळी मी त्यांना जिन्यात गाठून सगळं सांगितलं. ते पिशवी घेऊन तसेच आमच्याकडे आले आणि दादांना म्हणाले, "एक मार." दादांनी नाखुशीने मारला. बॉल वाकडा गेला. काका खाली वाकून बराच वेळ कडेकडे बघत राहिले. "तुझो हात बरो आसा. ह्या टेबल वाकडा आसा."

"माका बरा वाटाक होया म्हणून सांगतस," दादा म्हणाले.

"तुका बरा वाटाक मी कधी काय केलंय? एक सांग."

दादांना एकही प्रसंग आठवेना. तरीही त्यांनी मान फिरवली. मग काकांनी माळ्यावरून पडद्याचा जुना चॅनल, पन्हळीसारखी लांब पट्टी, काढायला लावला. एक वाटी पालथी घातली, चॅनलचं एक टोक त्यावर टेकवलं, वरून बॉल सोडला. बॉल घरंगळत कडेला लागला आणि दादांचा जायचा तसाच वाकडा गेला. पुन्हा सोडला, पुन्हा तसाच. मग तोच चॅनल समोरच्या कडेला तसाच तिरका लावला. तिथून बॉल सरळ हवा तिथे आला. "बघ," काका म्हणाले. "ह्यात तुझो हात खंय आसा?"

दादा खुर्ची ओढून टेबलाशी बसले. स्वतः डाव्या हाताने बॉल सोडून बघितला. मग उजव्या हाताने. मग माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला चुलतभावांची नावं सांगावीशी वाटली.

काका चटई टाकून टेबलाखाली शिरले. आम्ही एकेक बोल्ट गच्च आवळत गेलो होतो, त्यामुळे मधल्या भोकाच्या दोन बाजूंच्या रेल एका ओळीत राहिल्या नव्हत्या. एकीचं टोक किंचित पुढे येऊन ती तिरकी बसली होती. त्या सरळ करायला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून धरायची होती. एक टोक आईकडे गेलं, दुसरं काकांनी दादांना दिलं. "उजव्या हातान धर. सैल सोडलंस तर सगळा फुकट." पहिल्यांदा काकांचंही चुकलं. कोपऱ्यातले बोल्ट आधी आवळले आणि मधल्या भोकाकडचं टोक पुन्हा सरकलं. टेबलाखालून दोन सणसणीत मालवणी शिव्या आल्या, पाठोपाठ "वहिनी, माफ करा," आणि मग मला हुकूम, "सगळे ढिले कर. पहिल्यापासून." या खेपेला एकेक बोल्ट थोडा थोडा, आळीपाळीने आवळत गेलो. दुपारचं जेवण टळून गेलं. दादांच्या हाताला घाम सुटला होता, पण दोरी ताठ होती. आई माझ्याकडे बघत होती आणि मी पान्याकडे.

शेवटी काका कंबर धरून बाहेर आले. "आता मार."

दादांनी नेम धरला, मारला. बॉल कडेला लागला आणि भोकाच्या बाजूने निघून गेला.

 मी पुन्हा पान्याला हात घातला. काका म्हणाले, "ह्यो मात्र तुझो हात. टेबलाचा नाव घेव नको. मनगट वळवलंस."

आणि दादा हसले. गणपतीनंतर पहिल्यांदाच, चांगले खोकला येईपर्यंत हसले. चूक आपली आहे, म्हणजे ती आपल्याला सुधारता येईल, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. त्यांनी बॉल परत जागेवर ठेवला, मनगट सरळ केलं आणि मारला.

"बरा," काका म्हणाले.

यंदा उन्हाळ्यात काका गेले. दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांना खाली आणलं तेव्हा दादांनी गर्दीतून पुढे होऊन त्यांच्या छातीवर फूल ठेवलं, उजव्या हाताने, कोणाचा आधार न घेता. त्या हातासाठी आम्ही कितीतरी लोकांचे आभार मानले, डॉक्टरांचे, देवाचे. काकांचे तोंडावर मानायचे राहूनच गेले. मानले असते तरी त्यांनी ते उजेडात धरून तपासलेच असते म्हणा.

आता संध्याकाळी दादांबरोबर मी उभा राहतो. परवा त्यांचा बॉल हुकला, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "चांगला होता, दादा. थोडक्यात गेला."

दादांनी क्यू खाली टेकवला आणि माझ्याकडे बघितलं. "तू माझ्या बाजूचो. तुझो काय उपयोग?"